नृत्यपटाची घरगुती घडण आणि विक्री : कसब्यातील तांबट आळीच्या संदर्भात एक विवेचन

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. या पेठेतील गल्ल्यांची नावे म्हणजे तेथील व्यवसायांची एक नोंदवहीच होय : तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, शिंपी आळी, कागदीपुरा. काही ठिकाणी नाव उरले आणि व्यवसाय आटला. तांबट आळीत मात्र, थोड्या घरांतून का होईना, हातोड्याचा ठोका अद्याप ऐकू येतो. खाली कारखाना व वर बिऱ्हाड ही तेथील घरांची जुनी मांडणी. जेथे राहावयाचे तेथेच वस्तू घडवावयाची आणि तेथूनच ती विकावयाची, अशी ही पद्धती आहे.

या पद्धतीविषयी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून एक समज रूढ झालेला आहे. घरगुती उत्पादन ही कारखानदारीच्या पूर्वीची पायरी असून, यंत्र आले की ती आपोआप मागे पडते, असा तो समज होय. परंतु जी वस्तू मुळात कारखान्यात जन्मली आणि नंतर घराकडे आली, तिच्याविषयी काय म्हणावयाचे? अशी एक वस्तू अलीकडच्या काळात उपलब्ध आहे. ती म्हणजे तालावर आधारलेल्या व्हिडिओ खेळांसाठी वापरला जाणारा पायाखालचा पट. इंग्रजी नाव डान्स पॅड. प्रस्तुत लेखात त्याला नृत्यपट म्हटले आहे. त्याचे घरगुती कारागीर मुख्यतः अमेरिका व युरोप या खंडांत आढळतात. तांबट आळीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही; साम्य आहे ते कामाच्या स्वरूपात. हे साम्य कोठपर्यंत जाते, आणि त्यावरून घरगुती श्रमाच्या मोलाविषयी काय कळते, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

नृत्यपट म्हणजे काय

पायाने चालवावयाचा खेळपट ही कल्पना तशी जुनी आहे. जपानमधील बांदाई या कंपनीने १९८६ साली बारा कळी असलेली एक चटई बाजारात आणली. तीच पुढे १९८८ मध्ये निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत पॉवर पॅड या नावाने विकली. परंतु त्या चटईवर धावण्या-उडी मारण्याचे खेळ होते. ताल हा त्यांचा प्राण नव्हता. तालाला मध्यवर्ती स्थान मिळाले ते १९९८ मध्ये, कोनामी या जपानी कंपनीच्या डान्स डान्स रेव्होल्यूशन या खेळाने. खेळघरांत ठेवावयाच्या मोठ्या यंत्राच्या रूपाने तो प्रथम आला. १९९९ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियातील आंदामिरो कंपनीने पंप इट अप हा पाच घरांचा खेळ सुरू केला.

खेळाचे स्वरूप सोपे आहे. पडद्यावर डावा, उजवा, वरचा व खालचा असे चार दिशांचे बाण सरकत येतात. बाण ठरलेल्या रेषेवर पोहोचताच, गाण्याच्या त्या मात्रेवर, खेळाडूने पायाखालील त्याच दिशेच्या घरावर पाऊल टाकावयाचे. प्रत्येक घर साधारण २८ सेंटिमीटर चौरस असते. तीन ओळींत तीन अशी नऊ घरे मांडली की सुमारे ८४ सेंटिमीटर बाजूचा पट तयार होतो. त्यांपैकी चार घरे जिवंत, मधले घर उभे राहण्यासाठी आणि कोपरे रिकामे.

या खेळात अचूकतेची कसोटी किती कडक असते, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. मिनिटाला १५० मात्रांच्या गतीचे गाणे घेतले, तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची होते. दुगुनीत दोन पावलांमध्ये २०० मिलिसेकंद आणि चौगुनीत केवळ १०० मिलिसेकंद उरतात. म्हणजे सेकंदाला दहा पावले. स्टेपमेनिया या विनामूल्य व मुक्त संगणक-कार्यक्रमाच्या मूळ मांडणीत सर्वोच्च श्रेणी मिळविण्यासाठी पाऊल अपेक्षित क्षणाच्या २२.५ मिलिसेकंद अलीकडे वा पलीकडे, याच मर्यादेत पडावे लागते. त्याखालील श्रेणीस ४५ आणि तिच्याही खालील श्रेणीस ९० मिलिसेकंदांची सवलत आहे. कथ्थकाच्या तत्कारात पाऊल समेवर पडले की नाही, हे गुरूच्या कानाला कळते. येथे तो निवाडा यंत्र करते. मात्र यंत्राला पाऊल ‘ऐकू’ येते ते पटाच्या द्वारेच. पट बधिर असला, तर उत्तम नर्तकही चुकलेला ठरतो.

कारखान्यातून घराकडे

कारखान्यांनी दोन प्रकारचे पट बनविले. पहिला खेळघरातील धातूच्या चौकटीचा. तो मजबूत, पण यंत्राचाच भाग असल्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा. दुसरा घरगुती, प्लॅस्टिकच्या मऊ चटईचा. त्यात विद्युत्‌वाहक लेप दिलेले दोन पातळ थर असून, त्यांच्यामध्ये भोके पाडलेला फोम असतो. पाय पडला की भोकांतून थर एकमेकांस टेकतात आणि मंडल पूर्ण होते. ही रचना स्वस्त आहे, पण तीत दोन उणिवा आहेत. चटई जमिनीवर सरकते आणि सुरकुतते. शिवाय सततच्या आघाताने लेप झिजून घरे मुकी होतात. जो खेळ शरीराच्या पूर्ण भाराने खेळावयाचा, त्याचे साधन मात्र हलक्या खेळण्यासारखे, अशी ही विसंगती होती.

मागणी नव्हती असे नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांच्या स्थूलतेवर उपाय म्हणून २००६ मध्ये हा खेळ आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत नेण्याची योजना जाहीर केली होती. तथापि टिकाऊ व घरात ठेवता येईल असा पट हवा असणारे ग्राहक जगभर विखुरलेले होते, आणि कोणत्याही एका ठिकाणी त्यांची संख्या मोठी नव्हती. मोठ्या कारखान्यास साचे काढण्यासाठी हजारोंची खात्रीची विक्री लागते. ती नसल्यामुळे मधली जागा रिकामी राहिली. ती भरून काढली छंदी लोकांनी. प्रथम त्यांनी स्वतःपुरता पट बांधला, मग मित्रासाठी, आणि नंतर मागणीनुसार पैसे घेऊन. अमेरिकेतील कोबाल्ट फ्लक्स व पोलंडमधील एल-टेक यांसारख्या लहान संस्थांनी याच मधल्या जागेत आपला व्यवसाय उभारला.

पटाची रचना

घरगुती पटाची जुनी पद्धत अशी : खाली जाड प्लायवुडचा पाया. प्रत्येक जिवंत घरात त्यावर धातूचा एक पत्रा. कडेने फोमच्या बारीक पट्ट्या. त्यांवर दुसरी फळी, जिच्या खालच्या अंगाला दुसरा पत्रा. सर्वांत वर पाय घसरू नये आणि बाण दिसावा म्हणून पारदर्शक, न तडकणाऱ्या प्लॅस्टिकचे झाकण. पाय पडला की फोम दबतो व दोन पत्रे भेटतात; पाय उचलला की फोम त्यांना पुन्हा विलग करतो. दोन पत्र्यांपासून निघालेल्या तारा एखाद्या जुन्या कळफलकाच्या मंडलाला जोडल्या, की संगणकाला वाटते कोणी कळ दाबली.

असा पट पुण्यात बांधावयाचा झाल्यास त्याचे सर्व सामान कसब्यापासून फारसे दूर नाही. फळ्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये, खिळे-स्क्रू आणि पत्रे रविवार पेठेतील बोहरी आळीत, आणि विजेचे सुटे भाग बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. अडचण येईल ती जागेची. लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या वाड्याच्या माडीवर सेकंदाला दहा पावले पडू लागली, तर खालचे बिऱ्हाड स्वस्थ बसणार नाही. शिवाय तुळयांची लवचीकता पटालाही हलवील. तळमजल्यावरील शहाबादी फरशी त्यास अधिक योग्य. तांबटानेही आपला कारखाना तळमजल्यावर ठेवला आहे, हे येथे आठवावे; ठोक्याला भुई घट्टच लागते.

पत्र्यांच्या पद्धतीत एक मूलभूत मर्यादा आहे. तीत दोनच अवस्था संभवतात : स्पर्श झाला अथवा झाला नाही. धातूवर धूळ वा गंज बसला की स्पर्श होऊनही वीज वाहत नाही. उलट, दोन पत्रे आदळताना क्षणभर उसळतात, आणि एका पावलाची दोन पावले मोजली जातात. त्यामुळे अलीकडचे कारागीर दाबानुसार विद्युत्‌रोध बदलणारे संवेदक वापरतात. कागदासारखी पातळ अशी ही चकती अथवा पट्टी असते. तिच्यावरील भार वाढला की तिचा रोध कमी होतो. एका स्थिर रोधाशी ती जोडून त्यांच्यामधील बिंदूचा दाब मोजला, की भाराचे प्रमाण विजेच्या मापात मिळते. हे माप आर्डुइनो वा टीन्सी यांसारखी सूक्ष्मनियंत्रकाची छोटी पट्टिका वाचते आणि त्याचे ० ते १०२३ या दरम्यानच्या अंकात रूपांतर करते. आता पाऊल म्हणजे केवळ स्पर्श नव्हे, तर एक राशी झाली. आणि कोणत्या राशीला पाऊल म्हणावयाचे हे ठरविण्याचे काम कारागिराकडे आले.

जुळणी

खरे कौशल्य येथून पुढे आहे. समजा, घर रिकामे असता संवेदक १५० हा अंक दाखवितो, पाय नुसता टेकलेला असता ३५० आणि पाऊल आपटले असता ७०० दाखवितो. सीमा ३०० वर ठेवली, तर विसावलेला पायही पाऊल ठरेल. ती ६५० वर ठेवली, तर हलक्या अंगाच्या मुलीचे अचूक पाऊलही वाया जाईल. शिवाय एकच सीमा पुरत नाही. पायाचा भार सीमेच्या आसपास थरथरला, तर एका पावलाची अनेक पावले होतात. म्हणून दोन सीमा ठेवतात. उदाहरणार्थ, ५०० च्या वर गेल्यास पाऊल सुरू, आणि ४५० च्या खाली आल्यासच ते संपले. दोन्ही सीमांमधील अंतर फार ठेवले, तर त्याच घरावर लागोपाठ पडणारे दुसरे पाऊल नोंदले जात नाही, कारण पहिले संपलेलेच नसते.

हा हिशेब एका संवेदकाचा झाला. खेळघरातील यंत्राप्रमाणे चांगल्या पटातही एका घराखाली चार कडांना चार संवेदक असतात, म्हणजे चार घरांत सोळा. चारही कडांना पाऊल सारखेच कळले पाहिजे. फळी किंचित वाकलेली असली, वा एखादी फोमची पट्टी अर्धा मिलिमीटर जाड असली, तर एक कड तिखट व दुसरी बोथट होते. मग कारागीर झाकण काढतो, कागदाचा वा चिकटपट्टीचा एक थर एका कोपऱ्यात घालतो, पुन्हा स्क्रू आवळतो, पाऊल टाकून पाहतो आणि परत झाकण काढतो. तबलजी गट्टे वरखाली ठोकून पानाची सर्व घरे एका सुरात आणतो, त्या कामाशी याची तुलना करावयास हरकत नाही. दोन्हीकडे वस्तू ‘तयार’ झाल्यानंतर तिला ‘वागवून’ घ्यावे लागते. फोम दबतो, लाकूड पावसाळ्यात फुगते, संवेदक जुना होतो. म्हणून ही जुळणी एकदा करून भागत नाही.

नृत्यपट कारखान्याकडून घराकडे का आला, याचे उत्तर यात आहे. फळ्या कापणे, पत्रे वाकविणे, पट्टिका छापणे ही कामे कारखाना अधिक स्वस्तात करतो, आणि घरगुती कारागीरही हे सुटे भाग कारखान्याकडूनच घेतो. परंतु अखेरची जुळणी ही त्या विशिष्ट फळीशी, त्या विशिष्ट जमिनीशी आणि त्या विशिष्ट खेळाडूच्या वजनाशी निगडित असते. तिचा साचा काढता येत नाही. कारखान्याने ती सोडून दिली तेथेच घरगुती कामाला जागा मिळाली.

विक्री आणि किंमत

अशा वस्तूची किंमत कशी ठरते? विक्रेता बहुधा सामानाचा खर्च मांडतो, त्यावर काही रक्कम चढवितो आणि तीच किंमत सांगतो. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. सामान १२,००० रुपयांचे, विक्री १८,००० रुपयांस, बांधणीस ४० तास. वरच्या ६,००० रुपयांत तासाला १५० रुपये पडतात. आता पट गेल्यानंतर ग्राहकाच्या तक्रारी ऐकणे, सीमा बदलून देणे, एखादा संवेदक बदलणे यांत आणखी १० तास गेले, तर हाच दर १२० रुपयांवर येतो. हे दहा तास कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने ती विक्रेत्याची सौजन्यपूर्ण वागणूक असते. विक्रेत्याच्या दृष्टीने तो छंदाचा भाग असतो. वस्तुतः तेच त्या वस्तूचे खरे मूल्य आहे, कारण तेवढ्यासाठीच ग्राहक कारखान्याची चटई सोडून त्याच्याकडे आलेला असतो.

वाहतुकीचा प्रश्न निराळाच. प्लायवुड आणि धातूचा पट जड व रुंद असतो. दूरदेशी पाठविण्याचा खर्च कधी सामानाच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून या व्यापाराची नैसर्गिक मर्यादा जवळपासच्या ग्राहकापर्यंतच राहते. काही विक्रेते केवळ सुटे भाग व बांधणीच्या सूचना विकतात आणि श्रम ग्राहकावर सोपवितात.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. रॉक्सॉर या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये इन द ग्रूव्ह हा याच जातीचा खेळ काढला. कोनामीने २००५ मध्ये तिच्यावर दावा लावला, आणि २००६ मधील तडजोडीनुसार त्या खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. घरगुती विक्रेत्याने यावरून घ्यावयाचा बोध असा की दुसऱ्याचे नाव, चिन्ह वा चित्र आपल्या पटावर उमटवू नये. स्टेपमेनियासारखे मुक्त कार्यक्रम उपलब्ध असल्यामुळे पट कोणत्याही एका कंपनीच्या खेळावर अवलंबून राहत नाही, हा या व्यवसायाचा मोठा आधार आहे.

तांबट आळीचा पडताळा

आता कसब्याकडे वळू. पुण्याचे तांबट हे त्वष्टा कासार समाजाचे असून, पेशवाईच्या काळात कोकणातून येथे स्थिरावले असे सांगितले जाते. घागरी, हंडे, पराती, तपेली आणि पाणी तापविण्याचे बंब ही त्यांची पिढीजात कामे. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याचे वर्णन आहे. १९३६ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केलेल्या न. म. जोशी यांच्या दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथात त्याचा आर्थिक विचार झाला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम व प्लॅस्टिक यांनी घरोघरचे तांबे हटविले आणि या आळीचा विस्तार आक्रसला. अलीकडे इन्टॅक या संस्थेच्या पुणे शाखेने या कलेच्या पुनरुज्जीवनात लक्ष घातले आहे.

तांबटाचा पत्रा आज गिरणीतून येतो. म्हणजे त्याच्याही सामानाचा उगम कारखान्यात आहे. त्याच्या हाती राहिले आहे ते मुख्यतः मठारकाम : भांड्याच्या अंगावर एकसारखे ठोके देऊन खळग्यांची ओळीबद्ध नक्षी उमटविणे. हे काम केवळ शोभेचे नाही. तापवून मऊ केलेले तांबे ठोक्याने घट्ट व कणखर होते आणि भांडे चेपण्यास विरोध करते. प्रत्येक ठोका सारख्या बळाचा व सारख्या अंतरावरचा पडावा लागतो. हात, कान आणि डोळा यांनी मिळून ठेवलेली ही लयच होय. नृत्यपटाच्या जुळणीप्रमाणे येथेही घडण झाल्यानंतरचे काम वस्तूला वस्तूपण देते.

किमतीच्या बाबतीतील साम्य अधिक बोलके आहे. भांडे वजनावर विकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. जुने भांडे मोडीत घालतानाही वजनच पाहिले जाते. वजनात तांबे मोजले जाते, ठोके मोजले जात नाहीत. दोन भांडी सारख्या वजनाची असली आणि एकावर दुप्पट ठोके पडले असले, तरी तराजूला ते कळत नाही. नृत्यपटाचा विक्रेता सामानाच्या पावत्यांवरून किंमत लावतो, तेव्हा तोही एका प्रकारे वजनावरच विकत असतो.

एक महत्त्वाचा भेद मात्र नजरेआड करता येत नाही. नृत्यपटाच्या कारागिरांनी आपले आराखडे, मापे आणि संगणकाज्ञा बहुतांशी खुल्या ठेवल्या आहेत. त्यामुळे नवा माणूस लवकर शिकतो; पण शिकताच तो प्रतिस्पर्धी होतो व किंमत खाली येते. तांबटाचे ज्ञान मनगटात आहे. ते कागदावर उतरत नाही, म्हणून त्याची नक्कल अवघड. पण म्हणूनच शिकणारा वर्षानुवर्षे शेजारी बसावा लागतो. पुढच्या पिढीला दुसरीकडे अधिक मिळकत दिसली, की शेजारची ती जागा रिकामी होते. एका धंद्यात ज्ञान पसरते आणि मिळकत घटते. दुसऱ्यात मिळकत घटल्यामुळे ज्ञान पसरत नाही. दोहोंचे मूळ एकच : अखेरच्या कामाचे तास किमतीत येत नाहीत.

निष्कर्ष

घरगुती उत्पादन ही सरून गेलेली पायरी नव्हे, हे नृत्यपटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जेथे वस्तूवर शरीराचा आघात पडतो आणि तरीही तिच्याकडून सूक्ष्म, एकसारखा प्रतिसाद अपेक्षित असतो, तेथे अखेरची जुळणी हाताकडे येते. मग ती वस्तू १९९८ नंतरची असो वा पेशवेकालीन. परंतु हाताकडे काम आले म्हणजे हाताला मोलही आले, असे होत नाही. तांबटाचा ठोका व पटाची जुळणी ही दोन्ही कामे हिशेबाच्या वहीबाहेर राहतात, आणि जे वहीत नसते त्याची किंमत मागणे कारागिरालाही संकोचाचे वाटते.

पुणेरी हस्तव्यवसायांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनी यापुढे सामान, घडण व जुळणी असे तीन स्वतंत्र रकाने ठेवून वेळेची नोंद केली, तर या प्रश्नाचे स्वरूप आकड्यांनी मांडता येईल. तिसऱ्या रकान्यात पुरेसे तास भरले, तर कारागिराने किंमत सांगताना तराजूकडे पाहण्याचे कारण उरणार नाही. या नोंदीची सुरुवात तांबट आळीतून व्हावी हे उचित. कारण तेथील ठोके मोजण्यास अजून अवसर आहे, आणि तो किती काळ राहील हे त्या तिसऱ्या रकान्यावरच अवलंबून आहे.